फोटोत कोण हवं, ते आधी ठरवा

नमस्कार मंडळी.

तुळशीची लग्नं लागली की आमचे फोन वाजायला लागतात. "ताई, अमुक तारीख मोकळी आहे का?" मी साताऱ्याची. वडिलांचा फोटो स्टुडिओ होता. त्यांच्या हाताखाली शिकले आणि गेली बावीस वर्षं लग्नाचे फोटो काढते आहे. ज्यांचा साखरपुडा झालाय, हॉल ठरलाय, पत्रिका छापायला गेल्यात, अशा मुलामुलींशी आज मला बोलायचं आहे. त्यांच्या आईवडिलांनीही ऐकलं तर फार बरं होईल.

बाबांच्या वेळी कॅमेऱ्यात रोल असायचा. एका रोलमध्ये ३६ फोटो. लग्नाला चार रोल, अगदी मोठं लग्न असलं तर पाच. अख्खं लग्न दीडशे-पावणेदोनशे फोटोंत बसवायचं. म्हणून बाबा आदल्या दिवशी मुलीच्या घरी जायचे, चहा घ्यायचे आणि घरातल्या वडीलधाऱ्या बाईला विचारायचे, "काकू, फोटोत कोण कोण यायलाच हवं?" काकू सांगायच्या आणि बाबा खिशातल्या छोट्या वहीत लिहून घ्यायचे. त्या वह्या माझ्याकडे आहेत. त्यांत कुणी कसं उभं राहायचं, हात कुठे ठेवायचा, असलं काही नाही. नुसती नाती आहेत. 'मुलीची आत्या, पंढरपूरची, जेवून लगेच निघणार. धाकटे मामा, पाय अधू, खुर्ची लागेल. शेजारच्या आजी, मुलीला यांनीच सांभाळलं.'

आता कार्डात हजारो फोटो मावतात. तरीही लग्नानंतर काही महिन्यांनी फोन येतो, "ताई, आमच्या आजीचा एखादा तरी चांगला फोटो निघेल का हो?" असाच एक फोन आला तेव्हा मी त्या लग्नाचे सगळे फोटो पुन्हा पाहिले. आजी एकाच फोटोत सापडली. तिचा अक्षता टाकणारा हात, मनगटावर जुन्या पाटल्या, आणि चेहरा पुढे उभ्या असलेल्या कुणाच्या तरी मोबाइलमागे. आजी आठ दिवसांपूर्वी गेली होती. तो हातच मोठा करून, फ्रेम करून मी त्यांना दिला. चूक माझी होती. मी आधी विचारलं नव्हतं. तेव्हापासून बाबांची वही मी पुन्हा सुरू केली.

तेव्हा पहिलं काम सांगते. मुलामुलीने एका संध्याकाळी बसून दोन्ही घरच्या माणसांची यादी करा. तीन रकाने आखा. पहिल्या रकान्यात नाव आणि नातं. दुसऱ्यात त्या माणसाची अडचण: जिना चढता येत नाही, अंधार पडायच्या आत निघायचं आहे, आईच्या कडेवरचं बाळ दुपारी झोपतं. तिसऱ्या रकान्याचं मी शेवटी सांगते. ही यादी एखाद्या चुलतभावाकडे किंवा मावसबहिणीकडे द्या. दोन्ही घरांतून एकेक जण हवा, सगळ्यांना तोंडओळखीने जाणणारा आणि खणखणीत आवाजाचा. "नाशिकचे काका, या इकडे" अशी हाक मारणारं घरचं माणूस नसलं, तर फोटोग्राफर कितीही हुशार असो, त्याला तुमचे नाशिकचे काका कोण ते कळायचं नाही. नवरानवरीने हे काम स्वतःकडे ठेवू नये. त्या दिवशी तुमचं लक्ष थाऱ्यावर नसतं, आणि नसावंच.

प्री-वेडिंगबद्दल, म्हणजे लग्नाआधी दोघांचे बाहेर जाऊन काढायच्या फोटोंबद्दल, सगळे विचारतात. करायचं तर करा, पण त्यासाठी कर्ज काढू नका, आणि नाही केलं म्हणून काही अडत नाही. त्याचा खरा फायदा एकच, कॅमेऱ्याची भीड मोडते. दोघांना एकमेकांच्या शेजारी चालायची, बोलायची सवय होते. म्हणून मी जोड्यांना सांगते, तुमची म्हणून जी जागा आहे तिथेच जाऊ. कॉलेजचा कट्टा, जिथे पहिल्यांदा भेटलात ते उडुप्याचं हॉटेल, मुलीच्या आजोळचं अंगण. वाईजवळच्या मेणवलीच्या घाटावर सकाळी जायचं असेल तर सूर्य उगवतानाच पोहोचा. तासाभरात ऊन कडक होतं आणि गर्दीही वाढते. कपडे दोनच जोड न्या. चार-चार जोड नेले की निम्मा वेळ गाडीत कपडे बदलण्यात जातो आणि चेहरे सुकून जातात.

आमच्या भागातलं म्हणून कासच्या पठाराबद्दल कळकळीने सांगते. पश्चिम घाटातल्या ज्या जागा २०१२ साली जागतिक वारसा यादीत आल्या, त्यांत कास आहे. तिथली बरीचशी फुलं वीतभरही उंच नसतात. फोटोसाठी एक जोडपं फुलांत बसलं की उठताना खाली चुरगळलेला पट्टा राहतो. पायवाटेवर उभं राहूनही सुंदर फोटो येतात, फुलांत शिरू नका. रायगड, शिवनेरीसारखे गड केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. तिथे व्यावसायिक चित्रीकरणाला आधी परवानगी काढावी लागते. ड्रोनचंही तसंच. २०२१ च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवणाऱ्याकडे ड्रोन चालवण्याचं प्रमाणपत्र असावं लागतं, आणि विमानतळ किंवा लष्करी जागेजवळ तर विचारल्याशिवाय उडवायचाच नाही. तुमच्या फोटोग्राफरला हे सगळं बुकिंग करतानाच विचारा.

बुकिंगचं बोलणं कागदावर आणा. किती दिवस, किती माणसं येणार, ज्याचं काम पाहून पसंत केलं तोच येणार का, अल्बम कधी मिळणार, किती पानांचा, पैसे कसकसे द्यायचे. एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे पैसे देऊन काढून घेतलेल्या फोटोचा पहिला मालक तो काढून घेणारा असतो, करारात वेगळं लिहिलं नसेल तर. तेव्हा करार वाचून सही करा. आणि तुमचे फोटो आम्ही आमच्या जाहिरातीत, इंस्टाग्रामवर लावायचे की नाही, हे मुलीला स्वतःला विचारलं गेलं पाहिजे. तिच्या वतीने सासर-माहेरच्या कुणी परस्पर हो म्हणू नये.

चेहऱ्याच्या तयारीचं थोडक्यात सांगते. लग्नाच्या आठवड्यात तोंडाला नवीन काहीही लावू नका. जे फेशियल, जे क्रीम आधी कधी वापरलं नाही, त्याचा प्रयोग महिनाभर आधी करून बघा. मेंदी लग्नाच्या दोन दिवस आधी काढा. काढल्याकाढल्या ती केशरी दिसते, खरा रंग एक-दोन दिवसांनी चढतो. झटपट काळी होणारी मेंदी मात्र नको. त्यात रसायन असतं, हात भाजल्यासारखे होतात, फोड येतात. नऊवारी नेसणार असाल तर आधी एकदा नेसून घरात जिना चढून-उतरून बघा. मुंडावळ्या बांधून बघा. चष्मा असेल तर तो काढून फिरू नका, रोजचं माणूस रोजच्यासारखंच दिसू दे. फक्त काचांवर चमक न येणारा थर असलेला चष्मा करून घ्या. नवरदेवांनी मोबाइल, पाकीट, किल्ल्या मित्राकडे द्याव्यात. फुगलेला खिसा प्रत्येक फोटोत दिसतो.

आता उजेडाबद्दल, कारण आमचं सगळं काम त्यावरच चालतं. दारात मांडव घालताना लाल-पिवळं कापड ताणतात. दुपारी ऊन त्यातून गाळून खाली येतं आणि खाली बसलेल्या सगळ्यांचे चेहरे तांबडे होतात. हळदीच्या कार्यक्रमात तर अंगाला लावलेली हळदही दिसत नाही. छताला पांढरं कापड लावा, रंगीत झालर कडेने सोडा. खर्च तेवढाच, पण फोटोत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. हॉलमध्ये स्टेजवर जांभळे-निळे दिवे फिरवतात. वरातीला ते शोभतात. मुहूर्ताच्या वेळी डेकोरेशनवाल्याला सांगून बंद करून घ्या, कारण जांभळ्या उजेडात हिरवा चुडा काळा दिसतो आणि तो रंग नंतर कॉम्प्युटरवरही नीट परत आणता येत नाही. नवरीची खोली निवडताना मोठी खिडकी असलेली घ्या. साज चढवतानाचे फोटो खिडकीशेजारीच चांगले येतात.

वेळापत्रक मुहूर्तापासून उलटं मोजा. मुहूर्त १२ वाजून ३५ मिनिटांचा असेल तर घरच्यांचे सगळे एकत्र फोटो साडेअकरापर्यंत व्हायला हवेत. मुहूर्तानंतर आहेराची रांग लागते, पंगती बसतात, म्हातारी माणसं थकतात, लांबची माणसं गाडी पकडायला निघतात. मेकअप करणाऱ्या ताई जी वेळ सांगतील त्यात एक तास मिळवा. आणि गुरुजींशी आदल्या दिवशी बोलून घ्या. कन्यादानाला, सप्तपदीला क्षणभर थांबाल का, असं आदराने विचारलं तर गुरुजी आनंदाने थांबतात. ऐन विधीत "गुरुजी, परत एकदा" म्हणणं मला पटत नाही. मी ते कधी म्हणत नाही.

अंतरपाटाचा क्षण तर एकदाच येतो. मंगलाष्टकं संपतात, 'सावधान' होतं, अंतरपाट बाजूला जातो आणि दोघं एकमेकांकडे बघतात. डोळ्याची पापणी लवते न लवते तोच हार पुढे येतात, अक्षता उडतात, वाजंत्री सुरू होते. ती नजर टिपायला मला दोघांच्या एका बाजूला हातभर जागा लागते. तेवढ्यात पुढे दहा मोबाइल येतात. दोन्ही मामांना आणि करवल्यांना आधीच सांगून ठेवा, ही हातभर जागा मोकळी ठेवा. सूत्रसंचालन करणारं कुणी असेल तर पाहुण्यांना माइकवरून विनंती करता येते, "पाच मिनिटं मोबाइल खाली ठेवूया, दोन्ही हातांनी अक्षता टाकूया." मी पाहिलंय, लोक लगेच ऐकतात.

आणि दोघांनी खा. खूप घरांत मुलगा-मुलगी लग्न लागेपर्यंत उपाशी असतात. उपास धरायचाच असेल तर दूध, केळं, खजूर, लिंबाचं सरबत तरी चालेल असं घरच्यांनी आधीच ठरवावं. होमाच्या धुरात, जड शालूत, रिकाम्या पोटी बसलेली मुलगी घेरी येऊन पडताना मी पाहिलेली आहे. डब्यात चार लाडू करवलीकडे देऊन ठेवा.

एक साधा फोटो विसरू नका. हार घातलेले, मंगळसूत्र दिसतंय, दोघं समोर बघताहेत, मागे गर्दी नाही. तो नोंदणीला लागतो. महाराष्ट्रात १९९८ च्या कायद्यानुसार लग्नापासून ९० दिवसांच्या आत नोंदणीचा अर्ज द्यायचा असतो. गावात ग्रामपंचायतीत, शहरात नगरपालिकेत किंवा महापालिकेत. तीन साक्षीदार लागतात आणि लग्न लावणाऱ्या गुरुजींची अर्जावर सही लागते. गुरुजी त्या दिवशी समोरच असतात, नंतर त्यांच्यामागे फिरावं लागतं. कोरा अर्ज आधीच आणून ठेवा आणि दक्षिणा देताना सही घ्या. पत्रिकेच्या चार प्रतीही जपून ठेवा. विशेष विवाह कायद्याने, म्हणजे रजिस्टर लग्न करणार असाल तर ३० दिवस आधी नोटीस द्यावी लागते, तिथे तारखेची घाई चालत नाही. आणि फोटो हातात आले की दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा, एक प्रत माहेरी, एक सासरी. निदान पन्नास फोटो कागदावर छापा. मोबाइल हरवतात, बंद पडतात.

आता तो तिसरा रकाना. त्यात अशा माणसांची नावं लिहा, जी बोलावल्याशिवाय पुढे येणार नाहीत. स्वयंपाकघरात राबणारी काकू. सोडचिठ्ठी झालेली आत्या. आणि नवरा गेलेली आई, आजी, मावशी. हळद सवाष्णींनी लावायची, ओवाळायचं सवाष्णींनी, म्हणून या बायका आपणहून मागे, दाराच्या चौकटीला टेकून उभ्या राहतात. कॅमेऱ्यातून मला त्या दिसतात. मी फोटोग्राफर, मी त्यांना पुढे बोलावू शकत नाही. घरच्यांनी बोलवावं लागतं. कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड गावाने मे २०२२ मध्ये ग्रामसभेत विधवा प्रथा बंद करायचा ठराव केला. अख्खं गाव ठरवू शकतं, तर एका घराला जड जाऊ नये.

एका मुलीने मला दिलेल्या यादीत तिसऱ्या रकान्यात एकच शब्द लिहिला होता, आई. वडील जाऊन नऊ वर्षं झाली होती. हळदीच्या आदल्या रात्री तिने आईला जवळ बसवून सांगितलं, "पहिली हळद तू लावायची." आई म्हणाली, "असं कुठं असतं का बाळा, लोक काय म्हणतील." मुलीने मोठ्या काकूला हाक मारली. काकू म्हणाल्या, "लोकांचं मी बघते." सकाळी आईने आंब्याचं पान हळदीत बुडवलं, आधी मुलीच्या पायांना लावलं, मग गुडघ्यांना, खांद्यांना. कपाळाशी आली तेव्हा पान खाली ठेवलं आणि दोन्ही तळहात भरून हळद मुलीच्या गालांना लावली. मागे काकू उभ्या होत्या, पदर खोचून.

आई मला नंतर म्हणाली, मांडवात ऐनवेळी बोलावलं असतं तर मी आलेच नसते, रात्रभर विचार करायला मिळाला म्हणून आले. तेव्हा तिसऱ्या रकान्यातल्या माणसांशी आदल्या दिवशी बोला, चार माणसांसमोर नको, घरात, शांतपणे. आणि त्यांच्या बाजूने उभं राहणारी एक काकूही आधीच ठरवून ठेवा.

नमस्कार.