एअर फिल्टर कधी बदलायचा? किलोमीटर राहू दे, आधी मिरग बघा

(बॉनेट उघडं. हातात जुना फिल्टर.)

नमस्कार मंडळी. हा बघा एअर फिल्टर, इंजिनात जाणारी हवा गाळणारा कागद, आत्ताच आमच्या गाडीतून काढला. नवा होता तेव्हा पांढरा होता, खरं वाटणार नाही. जरा जवळ आणतो. या कागदाच्या घड्या दिसतायत? त्यांच्या तळाशी हा लाल थर बघा. जांभ्याची माती. खाली वर्तमानपत्र धरून हलकेच आपटतो... हां. चमचाभर तरी पडली. आणि हा चाललाय फक्त ११ हजार किलोमीटर.

आता गाडीच्या पुस्तिकेत बहुतेक वेळा २० ते ४० हजारांचा आकडा असतो. तो खोटा नाही. पण त्याच पानावर बारीक अक्षरात असतं, धुळीच्या रस्त्यांवर लवकर बदला. ती ओळ आपली हो! घरापासून डांबरापर्यंत मातीची वाट, पुढे चिरेखाणीचा डंपर, आणि मुंबई-गोवा हायवेचं काम किती वर्षं चाललंय ते मी कशाला सांगू.

इंजिन हवा किती ओढतं, ते ऐका. १ किलो पेट्रोल नीट जळायला १४.७ किलो हवा लागते. १ लिटर पेट्रोलचं वजन साधारण पाऊण किलो, म्हणजे लिटरमागे ११ किलो हवा, म्हणजे जवळजवळ ९ हजार लिटर. रत्नागिरी ते चिपळूण ९० किलोमीटर धरा, ५ लिटर पेट्रोल गेलं, तर ४५ हजार लिटर हवा या कागदातून गेली. घरावरची हजाराची टाकी असते ना, तशा ४५ टाक्या. तीही डंपरच्या मागून जाताना!

फिल्टर तुंबला की मायलेज पडतं असं सगळे सांगतात. जुन्या कार्बोरेटरच्या गाड्यांचं तसं होतं खरं. पण हल्लीच्या इंजेक्शनवाल्या पेट्रोल गाड्यांत कॉम्प्युटर हवेच्या मापानेच पेट्रोल सोडतो. अमेरिकेतल्या ओक रिज नॅशनल लॅबोरेटरीने २००९ मध्ये हे तपासलं. मायलेजमध्ये नाव घेण्यासारखा फरक नव्हता, दम मात्र कमी झाला. तो कुठे कळतो? परशुराम घाटात, घरची पाच माणसं आणि आंब्याच्या पेट्या घेऊन. पाय पूर्ण दाबलाय आणि गाडी विचार करतेय. डिझेल असेल तर मागे काळा धूरही दिसेल.

मग बदलायचा कधी? माझा हिशोब असा. शिमग्यापासून धूळ उडायला लागते, मे संपेपर्यंत फिल्टर भरतो. मिरग लागतो ७-८ जूनच्या आसपास. त्याच्या आधी एकदा फिल्टरचा बॉक्स उघडा. घड्यांच्या तळापर्यंत लाल दिसलं तर नवा घाला, मग किलोमीटर १० हजार झालेले असोत की १५. कारण त्या धुळीला पावसातली ओल लागली की तिचा चिखल होतो, कागद फुगतो आणि मग हवा जायला जागाच उरत नाही. छोट्या गाडीचा फिल्टर साधारण ३०० ते ६०० रुपयांत येतो. तेवढ्यासाठी चार महिने चिखलातून श्वास घ्यायला लावू नका.

आता माझा शहाणपणा सांगतो. एकदा पैसे वाचवायला म्हणून टायरवाल्याकडे गेलो आणि फिल्टरवर फुल प्रेशरने एअर मारून घेतली. तीही बाहेरच्या बाजूने! धूळ आणखी आत गेली आणि एका घडीला केसाएवढी चीर पडली. कळलं कधी? दोन महिन्यांनी. बॉक्सच्या स्वच्छ बाजूला, इंजिनकडे जाणाऱ्या पाइपाच्या तोंडाशी बोट फिरवलं तर बोट लाल. म्हणजे धूळ सरळ सिलिंडरात चालली होती. तेव्हापासून मी कागदी फिल्टरला एअर मारत नाही. थोडा मळलेला फिल्टर उलट बारीक धूळ जास्त चांगली अडवतो, त्यामुळे दर महिन्याला काढून झटकत बसायचीही गरज नाही. पाण्याने तर अजिबात धुऊ नका.

गणपती झाले की मात्र पुन्हा एकदा उघडा. धुळीसाठी नाही, उंदरांसाठी. पावसात त्यांना कोरडी, उबदार जागा लागते. गाडी आठवडाभर उभी राहिली की झालं. आमच्या शेजारच्या काकांच्या बॉक्समधून नारळाच्या काथ्याचं अख्खं घरटं आणि सात काजूबिया निघाल्या. काका म्हणाले, बिया ठेव, भाजून खाऊ.

आणि हो, ग्लोव्हबॉक्सच्या मागे असतो तो एसीचा फिल्टर, वेगळा. सर्व्हिसच्या बिलात नुसतं "फिल्टर" लिहिलं असेल तर कुठला बदलला ते विचारून घ्या.

चला, नवा बसवतो. रबराची कड खाचेत सगळीकडून बसली ना, बोट फिरवून बघायचं. आता क्लिपा. एक... दोन... तीन... चौथी बघा कशी खारी हवा लागून गंजलीय. जोर लावून वाकवू नका, तुटते. आधी तेलाचा एक थेंब. थांबायचं जरा. हां... टक्. बसली.