शहाद्याचा रानपिंगळा

नमस्कार श्रोतेहो.

शहादा, तळोदा, धडगाव, चोपडा, यावल, रावेर या पट्ट्यातून जे कुणी आत्ता ऐकत असतील, त्यांच्याशी मला मुद्दाम बोलायचं आहे. विषय तुमच्या शिवाराला लागून असलेल्या रानाचा आहे. ११३ वर्षं ज्याचा ठावठिकाणा लागला नव्हता, असा एक पक्षी २५ नोव्हेंबर १९९७ च्या सकाळी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, भर उन्हात एका उघड्या झाडावर बसलेला सापडला. तो म्हणजे रानपिंगळा.

त्याची हकिगत सुरू होते १८७२ मध्ये, आजच्या छत्तीसगडमधल्या फुलझरच्या बाजूला. ब्लेविट नावाच्या इंग्रज अधिकाऱ्यानं तिथे एक लहानसं घुबड मारलं. पुढच्या वर्षी ॲलन ह्यूम यांनी ही वेगळीच जात असल्याचं जाहीर केलं आणि तिला ब्लेविटचं नाव दिलं. हे ह्यूम म्हणजे पुढे काँग्रेसच्या स्थापनेत पुढाकार घेणारेच. त्यानंतर जेम्स डेव्हिडसन हे इंग्रज अधिकारी आपल्या खानदेशात नोकरीला होते. त्यांना पक्ष्यांचा भारी नाद. शहादा-तळोद्याच्या जंगलातून त्यांनी या पक्ष्याचे काही नमुने गोळा केले, शेवटचा १८८४ मध्ये. जगभरच्या संग्रहालयांत मिळून या जातीचे जे सात नमुने होते, त्यातले बहुतेक खानदेशचे. आणि १८८४ नंतर सगळं शांत. पक्षी कुणाला दिसेना.

इथे एक वाईट गोष्ट घडली, आणि ती सांगितलीच पाहिजे. रिचर्ड माइनर्ट्‌झहागेन हा ब्रिटिश लष्करातला कर्नल, पक्षितज्ज्ञ म्हणून मोठं नाव असलेला. आपण १९१४ मध्ये गुजरातेत तापीकाठच्या मांडवीला रानपिंगळा मारला, असं त्यानं सांगितलं आणि पेंढा भरलेला नमुना पुढे केला. एवढ्या मोठ्या माणसावर अविश्वास कोण दाखवणार? मग शोध घेणाऱ्यांनी मांडवीचा तो परिसर पालथा घातला आणि हात हलवत परत आले. १९९० च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधिका आणि नायजेल कॉलर यांनी तो नमुना बारकाईनं तपासला. त्याचे क्ष-किरण फोटो काढले. कातडं भरण्याची प्रत्येकाची एक पद्धत असते, हात ओळखू येतो. कर्नलच्या नमुन्याखाली डेव्हिडसनचा हात दिसला. ब्रिटिश संग्रहालयातून डेव्हिडसनचाच पक्षी उचलून, तो नव्यानं भरून, त्यावर खोटी चिठ्ठी लावलेली होती. एका खोट्या चिठ्ठीनं किती वर्षं लोकांना भलत्याच गावी पाठवलं! मला या चोरीचा अजूनही राग येतो, कारण तेवढ्या काळात सातपुड्यातलं जंगल झपाट्यानं विरळ होत होतं आणि या पक्ष्याची बाजू घ्यायला कुणीच नव्हतं.

मग रासमुसेन, बेन किंग आणि डेव्हिड ॲबट हे तिघे भारतात आले. मांडवी सोडून, ज्या नमुन्यांच्या चिठ्ठ्या खऱ्या होत्या त्या ठिकाणी त्यांनी शोध घेतला. आधी पूर्वेकडची ठिकाणं पाहिली, तिथे काही मिळालं नाही. शेवटी आले शहाद्याला, डेव्हिडसनच्या मुलखात. आणि तिथे बेन किंग यांना तो दिसला.

आता तुम्ही म्हणाल, पिंगळा तर आम्ही रोज बघतो. खरं आहे. गावातल्या चिंचेवर, पडक्या भिंतीत, विजेच्या तारेवर बसून किरकिरतो तो साधा पिंगळा. फरक नीट ऐका. साध्या पिंगळ्याच्या डोक्यावर आणि पाठीवर पांढरे ठिपके असतात. रानपिंगळ्याचं डोकं जवळजवळ बिनठिपक्याचं, सरळ करडं-तपकिरी. पंखांवर आणि शेपटीवर ठळक गडद-पांढरे पट्टे. पोटाचा खालचा भाग स्वच्छ पांढरा. डोकं मोठं, आणि पाय असे दणकट की एवढ्याशा पक्ष्याला शोभू नयेत. पायांवरही पांढरी पिसं दाट. एकदा मी त्याला दुर्बिणीतून पाहिलं तेव्हा नजर त्या पायांवरच खिळली होती. फांदीवर बसल्या बसल्या तो शेपटी डावी-उजवीकडे झटकत होता. मग एकदम खाली झेपावला आणि चोचीत सरडा घेऊन त्याच फांदीवर आला.

हा दिवसाढवळ्या शिकार करतो, हे त्याचं खास. सरडे, सापसुरळ्या, उंदीर, छोटे पक्षी हे त्याचं खाणं. राहतो सागाच्या मोकळ्या, पानगळीच्या जंगलात. घरटं करतो ते जुन्या झाडाच्या ढोलीत, आणि मादी अंड्यांवर बसली की नर तिला खाऊ आणून देतो. म्हणजे त्याला जुनं झाड लागतंच. सागाची कोवळी रोपं हजारांनी लावली तरी त्यांना ढोली धरायला कित्येक दशकं जातात. तोरणमाळच्या बाजूला जंगल तुटत गेलं ते याच्या मुळावर आलं. मात्र त्याचं सगळं खापर पाड्यावरच्या भिल्ल-पावरा बांधवांवर फोडणं मला पटत नाही. इथला साग इंग्रजांच्या काळापासून तुटतोय आणि तो बाहेरच गेला.

बातमी नुसती दुःखाची नाही. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या अभ्यासकांनी पुढे या पक्ष्याचा पाठपुरावा केला. आपल्या जळगाव जिल्ह्यातल्या यावल अभयारण्यात तो आढळला, मेळघाटात आढळला, मध्य प्रदेशात खंडव्याकडे आढळला, २०१४ मध्ये तर मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही. २०१८ मध्ये त्याची नोंद 'अतिसंकटग्रस्त' या वर्गातून 'संकटग्रस्त' वर्गात आली. तरी संख्या थोडीच आहे.

म्हणून एक विनंती. तुमच्या बांधावर किंवा रानाच्या कडेला ढोलीचं झाड असेल, अगदी वाळलेलं असलं तरी, सरपणासाठी सगळ्यात शेवटी त्याच्याकडे वळा. पिंगळा दिसला की अपशकुन झाला म्हणून दगड मारणाऱ्या पोराला थांबवा. तो शेतातले उंदीर खातो, एवढं सांगितलं तरी पोरगं ऐकतं. आणि बिनठिपक्याच्या डोक्याचा पिंगळा दिसलाच, तर लांबूनच फोटो काढा, मोबाइलवर त्याचा आवाज वाजवून त्याला बोलावू नका आणि ढोलीची जागा गावभर करू नका. ती फक्त तुमच्या भागातल्या वनरक्षकाला कळवा. हिवाळ्यातली सकाळ, ऊन चढायच्या आतली वेळ, त्याला पाहायला सगळ्यात चांगली.

नमस्कार.