कपारीतल्या घरांमधलं दळण

नमस्कार मंडळी!

अमेरिकेतल्या कोलोरॅडो राज्यातल्या मेसा व्हर्देचे फोटो तुम्ही पाहिले असतील. उभ्या कड्याच्या कपारीत बांधलेली दगडी घरं, साधारण आठशे वर्षांपूर्वीची. आजच्या प्युब्लो या मूळ अमेरिकी लोकांच्या पूर्वजांनी बांधलेली. सगळे त्या भिंतींचं कौतुक करतात. माझं लक्ष मात्र घरातल्या दळणाकडे जातं, कारण हे लोक त्या कोरड्या मुलखात टिकले ते मक्याच्या पिठावर.

शेती वर पठारावर. वर्षाला पाऊस आणि बर्फ मिळून जेमतेम ४५ सेंटिमीटर पाणी. म्हणून ओघळींवर आडवे दगडी बांध घालायचे. मागे गाळ साचतो, ओल धरतो, तिथेच मका, घेवडा, भोपळा. प्युब्लो लोकांपैकीच असलेले ॲरिझोनातले होपी शेतकरी आजही टोकदार काठीने वीतभर खोल खड्डा करून मका टोबतात. त्या वाणाचा कोंब एवढ्या खोलातून वर येतो!

आता दळण. खालचा दगड मेटाटे, हातातला मानो. आपल्या पाट्या-वरवंट्यासारखंच, फक्त गुडघ्यांवर बसून, दोन्ही हातांनी, मागे-पुढे. आधीच्या काळात मेटाटेला खोलगट चर असायचा. पुढे सपाट, उतरते दगड आले आणि ते दगडी फरश्यांच्या चौकटीत ओळीने बसवले गेले. पहिल्यावर भरड, पुढच्यावर मध्यम, शेवटच्यावर बारीक. बायका शेजारी-शेजारी बसून दळायच्या. मला ही रचना फार हुशारीची वाटते: पीठ सांडत नाही, काम वाटलं जातं, सोबत मिळते.

पण किंमतही होती. दगड बहुतेक वालुकाश्माचे, त्यामुळे पिठात कच उतरायची. सापडलेल्या सांगाड्यांचे झिजलेले दात ते सांगतात. दगड गुळगुळीत झाला की कठीण दगडाने ठोकून पुन्हा खरखरीत करायचा, म्हणजे पुन्हा कच. आणि दिवसाचे कित्येक तास हे काम बायकांच्याच खांद्यांवर.

१२७६ ते १२९९ मोठा दुष्काळ पडला. १३००च्या सुमाराला इथली वस्ती उठली, माणसं दक्षिणेकडे गेली. पण संपली नाहीत! होपी, झुनी, ॲकोमा हे त्यांचेच वंशज. होपी बायका आजही निळ्या मक्याच्या पिठात राखेचं पाणी घालून, तापलेल्या दगडावर हाताने पसरून, कागदासारखी पातळ पिकी नावाची भाकरी भाजतात. तिला भरड पीठ चालत नाही, अगदी बारीकच लागतं.