लुस्त्रातलं भाषण

मित्रहो, येशूचा संदेश गावोगाव सांगत फिरलेल्या पौलाची भाषणं म्हटली की लोक लगेच अथेन्सकडे वळतात. मला आज आधी लुस्त्राला जायचंय.

त्याआधी पिसिदियातल्या अंत्युखियात शब्बाथाच्या, म्हणजे यहुद्यांच्या विश्रामाच्या दिवशी, त्यांच्या सभास्थानात, शास्त्रवाचन आटोपल्यावर पौल बोलला होता. मिसरपासून सुरुवात, मग शमुवेल, शौल, दावीद आणि शेवटी येशू. श्रोत्यांना हा इतिहास बालपणापासून ठाऊक होता.

लुस्त्रात तसं काहीच नव्हतं. आजच्या तुर्कस्तानातली ही रोमन वसाहत. जन्मापासून पांगळा असलेला एक माणूस पौलाच्या शब्दासरशी उठून चालू लागला आणि लोक आपल्या लुकवनी भाषेत ओरडू लागले, 'देव माणसांच्या रूपानं उतरलेत!' पौलाचा सोबती बर्णबा म्हणजे ग्रीकांचा देवराज झ्यूस, आणि बोलण्यात पुढे असलेला पौल म्हणजे देवांचा दूत हर्मीस. शेजारच्या फ्रुगियातली एक कथा होती. हेच दोन देव वेष पालटून आले, एका गरीब म्हाताऱ्या जोडप्यानं तेवढं त्यांना घरात घेतलं आणि बाकीची वस्ती पाण्याखाली गेली. लुस्त्रकरांच्या मनात तीच भीती असावी, असं मला वाटतं. झ्यूसचा पुजारी बैल आणि हार घेऊन वेशीशी हजर झाला!

हे दोघं कपडे फाडत गर्दीत घुसले. त्या वेळी ते जे बोलले त्यात मोशे नाही, दावीद नाही, एकही संदेष्टा नाही. आम्ही तुमच्यासारखीच माणसं. आकाश, पृथ्वी, समुद्र घडवणारा जिवंत देव तुम्हाला पाऊस देतो, हंगामात पीक देतो, अन्नानं मन तृप्त करतो. बस, एवढंच. तयारीला क्षणही मिळाला नव्हता, म्हणून मला हे भाषण अथेन्सपेक्षा मोठं वाटतं.

अथेन्सला 'अज्ञात देवाला' वाहिलेली वेदी त्यानं आधी पाहून ठेवली होती. समोर एपिकूरचे आणि स्तोइक पंथाचे, म्हणजे ग्रीक तत्त्वज्ञानाचे, लोक होते. त्यांना त्यानं कवी अरातसची ओळ ऐकवली, 'आपण त्याचीच लेकरं.' अरातस किलिकियाचा, पौलही तिथलाच. पण येशू मेलेल्यांतून उठल्याची गोष्ट त्यानं गाळली नाही. ती ऐकताच काहींनी टर उडवली. श्रोत्यांना रुचेल तेवढंच सांगायचं असतं तर तो तिथे अलीकडेच थांबला असता.

आपल्याकडे फादर थॉमस स्टीफन्स यांनी ख्रिस्तकथा मराठी ओव्यांत, पुराणाच्या घाटात गुंफली. 1616 मध्ये गोव्यात ती छापली गेली. श्रोत्यांच्या ओळखीच्या रूपात बोलायची ही वाट पौलाचीच, आणि त्या ओव्यांवर माझं प्रेम आहे. पण स्टीफन्स यांच्यामागे पोर्तुगीज सत्ता होती, हे विसरता येत नाही. पौलामागे कुणीच नव्हतं. बाहेरून आलेल्या विरोधकांनी लुस्त्राची गर्दी फिरवली, आणि दगडमार झालेल्या पौलाला मेला समजून गावाबाहेर ओढून टाकलं गेलं.

तरी तो पुन्हा तिथे गेला. तिथेच त्याला तीमथ्य हा सोबती मिळाला. आई यहुदी, वडील ग्रीक. परराष्ट्रीयांना, म्हणजे यहुदी नसलेल्यांना, सुंतेची सक्ती नको, हे यरुशलेमात ठरलं होतं. तरी त्या भागातल्या यहुद्यांखातर पौलानं तीमथ्याची सुंता केली, आणि तीत या ग्रीक सोबत्यावर मात्र ती लादू दिली नाही. काही अभ्यासकांना ही विसंगती वाटते. मला नाही वाटत. तीमथ्याला सभास्थानांत वावरायचं होतं. तीताच्या बाबतीत सुंता ही तारणाचीच, म्हणजे मुक्तीचीच, अट करून मागितली जात होती.