फंक्शनचे नाव म्हणजे दिलेला शब्द

मित्रहो, मुक्तस्रोत गणिती लायब्ररीत एखादे नवे फंक्शन घ्यायचे ठरले की त्याच्या अल्गोरिदमवर, वेगावर आणि चाचण्यांवर बारकाईने चर्चा होते, आणि नाव मात्र बहुतेक वेळा शेवटच्या पाच मिनिटांत उरकले जाते. मला आज त्या पाच मिनिटांबद्दल बोलायचे आहे. अल्गोरिदम पुढच्या आवृत्तीत बदलला तरी वापरणाऱ्याला त्याचा पत्ता लागत नाही; नाव मात्र अनोळखी लोकांच्या प्रोग्रॅममध्ये जाऊन बसते आणि तिथून ते परत मागवता येत नाही. म्हणून नाव ठेवणे म्हणजे शब्द देणे आहे असे मी मानतो, आणि गणितात दिलेला शब्द जरासुद्धा सैल असून चालत नाही.

सी भाषेच्या गणिती लायब्ररीत घडलेली गोष्ट पाहा. गॅमा फल हा क्रमगुणिताचा विस्तार आहे, आणि त्याची किंमत इतक्या झपाट्याने वाढते की १७२ ला गॅमा काढू गेल्यास उत्तर दुहेरी अचूकतेच्या, म्हणजे संगणकाच्या नेहमीच्या ६४ बिटांच्या, संख्येत मावतच नाही. त्यामुळे प्रत्यक्ष गणनेत बहुधा गॅमाचा लॉगरिदमच हवा असतो. बर्कली युनिक्स या संगणक प्रणालीच्या ४.२ आवृत्तीत ‘गॅमा’ नावाचे फंक्शन नेमका हा लॉगरिदम देत असे, ४.४ आवृत्तीत त्याच नावाचे फंक्शन खरा गॅमा देऊ लागले. म्हणजे ५ ही संख्या दिली की एका यंत्रावर ३.१७८ मिळणार आणि दुसऱ्यावर २४, आणि दोन्हीकडे प्रोग्रॅम विनातक्रार चालणार. अखेर १९९९ च्या सी मानकाने लॉगरिदमसाठी ‘एल-गॅमा’ ठेवले आणि खऱ्या गॅमासाठी ‘टी-गॅमा’ हे नवे नाव घेतले. त्यातला ‘टी’ म्हणजे ‘ट्रू’, खरा. एका चांगल्या, सरळ, सर्वांना माहीत असलेल्या नावावर कायमचे पाणी सोडावे लागले, कारण त्या नावाचा अर्थ एकदा फुटला होता.

याहून नाजूक प्रश्न मूळ संख्यांच्या बाबतीत येतो, आणि तिथे मी थोडा रेंगाळणार आहे. एखादी मोठी संख्या मूळ आहे का, हे तपासण्याचे दोन मार्ग आहेत. एक मार्ग सिद्धता देतो, पण वेळ घेतो. दुसरा मार्ग अतिशय जलद आहे आणि त्याच्यावर विसंबता येते, मात्र तो सिद्धता देत नाही. बेली, पोमरन्स, सेल्फ्रिज आणि वॅगस्टाफ यांच्या नावाने ओळखली जाणारी चाचणी या दुसऱ्या प्रकारची आहे. २ च्या ६४ व्या घातापर्यंत ती चुकत नाही हे पडताळलेले आहे. त्यापलीकडे तिला फसवणारी एकही संयुक्त संख्या आजवर कोणाला सापडलेली नाही, पण अशी संख्या नाहीच हेही कोणी सिद्ध केलेले नाही. आता या फंक्शनला ‘इज-प्राइम’ म्हणावे का?

पारी या लायब्ररीने दोन नावे ठेवली. ‘इज-प्राइम’ने ‘हो’ म्हटले तर ते सिद्ध असते, आणि जलद चाचणीला ‘इज-स्यूडोप्राइम’ म्हटले जाते. जीएमपी या लायब्ररीने आपल्या फंक्शनच्या नावातच ‘प्रोबॅब’ घातले आणि उत्तरही तीन पायऱ्यांत दिले: २ म्हणजे नक्की मूळ, १ म्हणजे बहुधा मूळ, ० म्हणजे नक्की संयुक्त. पायथन भाषेच्या सिमपाय लायब्ररीत मात्र ‘इज-प्राइम’ हेच नाव मोठ्या संख्यांसाठीही जलद चाचणी वापरते, आणि तसा खुलासा दस्तऐवजात आहे. सिमपायच्या निर्णयामागचे कारण मला समजते, कारण वापरणाऱ्यांपैकी बहुतेकांना व्यवहारात फरक पडणार नाही. तरीही माझे मत पारीच्या बाजूचे आहे. दस्तऐवज माणूस एकदा वाचतो आणि नाव रोज वाचतो. सहा महिन्यांनी दुसऱ्या कोणाचा तरी कोड वाचताना दस्तऐवजातला खुलासा डोळ्यांसमोर नसतो, फक्त नाव असते. जे सिद्ध नाही ते सिद्ध असल्यासारखे नावाने सांगू नये.

काही वेळा सैलपणा लायब्ररीचा नसतो, तो गणिताच्या परंपरेतच असतो. पहिल्या प्रकारचे संपूर्ण विवृत्तीय संकलन काही पुस्तकांत ‘के’ या मापांकाने लिहितात, तर काहींत त्याच्या वर्गाने, म्हणजे ‘एम’ने. पायथनच्याच सायपाय लायब्ररीचे फंक्शन ‘एम’ घेते; सी-प्लस-प्लसचे २०१७ च्या मानकातले फंक्शन ‘के’ घेते. दोघांना ०.५ द्या: एक १.८५४ म्हणेल, दुसरे १.६८६. दोन्ही उत्तरे आपापल्या जागी बरोबर आहेत, म्हणून चूक कुठेच दिसत नाही. प्रमाण विचलनाचेही तसेच आहे: पायथनच्या लायब्ररींपैकी नमपाय एकूण संख्येने भागते, पांडाज एकने कमी करून भागते, आणि नाव दोन्हीकडे तेच आहे. अशा ठिकाणी निदान चलाच्या नावाने तरी बोलले पाहिजे.

नाव लांब असले की स्पष्ट होते, हा समज मात्र मला पटत नाही. जुन्या फोरट्रानमध्ये नावाला सहाच अक्षरे मिळत, आणि त्या तंगीत ब्लास व लॅपॅक या सारणी-गणिताच्या लायब्ररींतली नावे घडली. ‘डीजीईएमएम’ हे नाव पाहून नवखा बिचकतो. पण ‘डी’ म्हणजे दुहेरी अचूकता, ‘जीई’ म्हणजे सर्वसाधारण सारणी, ‘एमएम’ म्हणजे सारणी गुणिले सारणी, एवढे कळले की शेकडो नावे आपोआप वाचता येतात. या नावांना व्याकरण आहे, आणि व्याकरण असलेली आखूड नावे एकट्यादुकट्या लांब नावांपेक्षा जास्त सांगतात.

आणि चुकलेले नाव? ते बदलता येते, पण सावकाश. सायपायने समलंब नियमाने संकलन करणाऱ्या फंक्शनला ‘ट्रॅप्झ’ऐवजी ‘ट्रॅपेझॉइड’ हे नाव २०२० च्या अखेरीस आणले आणि जुने नाव २०२४ मध्ये काढले. मधली साडेतीन वर्षे दोन्ही चालत होती. इथे अर्थ तोच होता, म्हणून हे सोपे होते. गोलीय प्रसंवादींच्या फंक्शनचे तसे नव्हते. जुन्या ‘एसपीएच-हार्म’मध्ये ‘एम’ व ‘एन’ या दोन निर्देशांकांपैकी ‘एम’ आधी आणि ‘एन’ नंतर येई, शिवाय थीटा व फाय या कोनांचे अर्थ भौतिकशास्त्रातल्या नेहमीच्या पद्धतीच्या उलट होते. जुन्या नावाखाली हा क्रम सरळ केला असता, तर आधीपासून चालत असलेला प्रत्येक प्रोग्रॅम गुपचूप वेगळी उत्तरे देऊ लागला असता. म्हणून २०२५ च्या आरंभी आलेल्या १.१५ आवृत्तीत सुधारित क्रम ‘एसपीएच-हार्म-वाय’ या वेगळ्या नावाने आला आणि जुन्या नावावर सूचना लावली गेली. शेवटचे ते ‘वाय’ दिसायला फारसे देखणे नाही. पण जुना प्रोग्रॅम चालवणाऱ्याला आधी इशारा दिसतो, आणि पुढे नाव काढले गेले की प्रोग्रॅम त्याच ओळीवर थांबतो. चुकीचा कोन घेऊन पुढे जात नाही.