जमा/खर्च नावाचा फोल्डर

(दृश्य : मे महिना, दुपारचे तीन. झिरो माइलचा स्तंभ. समोरचा रस्ता ओस.)

नागपूरचा मे. पारा 45 अंशांच्या आसपास. दुपट्टा बांधल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही, आणि काम नसेल तर पडतच नाही. कॉलेजांना सुट्ट्या, प्रवेशांची गर्दी अजून महिनाभर दूर. धरमपेठेतल्या आमच्या शिक्षणसंस्थेच्या कार्यालयात याच दिवसांचा मुहूर्त धरून मेल सर्व्हर बदलायचं ठरलं.

(दृश्य : सर्व्हरची खोली. एसीचा आवाज. शेजारी शेजारी दोन यंत्रं.)

डावीकडचा जुना, 2010 च्या पिढीचा एक्सचेंज, म्हणजे मायक्रोसॉफ्टचा मेल सर्व्हर. उजवीकडचा नवा, 2016 चा, वेगळ्या डोमेनमध्ये, म्हणजे स्वतःच्या स्वतंत्र नावनोंदीसह, कोरा मांडलेला. जुन्याला दुरुस्त्या आणि मदत देणं मायक्रोसॉफ्ट 13 ऑक्टोबर 2020 ला थांबवणार होतं, ती तारीख डोळ्यांसमोर होती. तेव्हा हे सर्व्हर मी सांभाळायचो. सगळ्यांना वाटायचं, मेल इकडून तिकडे नेले की झालं. मेल हलवणं तसं सोपंच. रात्रभर कॉपी चालते, सकाळी आकडे ताडून बघायचे. जीव अडकतो तो नावांत.

सगळी माणसं एका रात्रीत नव्या घरी जात नाहीत. आज लेखा विभाग, पुढच्या आठवड्यात ग्रंथालय, मग एकेक कॉलेज. मधले काही आठवडे अर्धे लोक जुन्यावर, अर्धे नव्यावर. तरी प्रत्येकाला पत्त्यांच्या यादीत सगळे दिसले पाहिजेत. म्हणून जो जुन्यावर आहे त्याचं नव्या बाजूला नुसतं नाव आणि पत्ता ठेवायचा. त्याला कॉन्टॅक्ट म्हणतात. माणूस हलला की नव्या बाजूचा कॉन्टॅक्ट जाऊन तिथे खरा मेलबॉक्स येतो, आणि जुन्या बाजूला त्याचा कॉन्टॅक्ट उरतो. ही अदलाबदल रोज, न चुकता, दोन्हीकडे व्हावी लागते. तिला सिंक म्हणतात.

इथे माझ्याकडून चूक झाली. सिंकनं तयार केलेल्या कॉन्टॅक्टवर खूण करून ठेवायची, आणि खूण असलेलं नाव परत पाठवायचं नाही, हा नियम पहिल्या रात्री मी घातलाच नाही. वर नावं डिरेक्टरीत, म्हणजे सर्व्हरच्या नावनोंदवहीत, थेट भरली, त्यामुळे एक्सचेंजनं अडवायची सोयही राहिली नाही. इकडून तिकडे गेलेलं नाव तिकडून नवं माणूस समजून परत आलं. सकाळी यादीत प्रत्येक प्राध्यापक दोनदा! एकाच पत्त्याचे दोन धनी दिसले की सर्व्हर कुणाला द्यायचं ते ठरवत नाही, मेल परत करतो. ते निस्तरण्यात सगळा दिवस गेला.

दुसरी अडचण आपल्या आडनावांची. वानखेडे हे एकच आडनाव कुणी डब्ल्यूनं लिहितं, कुणी व्हीनं. कुणी शेवटी ‘खेडे’ करतं, कुणी ‘खडे’. नावावरून जोड्या लावल्या तर एकाचे दोन होतात, आणि दोघांचा एकही होतो. त्यापेक्षा पगारपत्रकावरचा कर्मचारी क्रमांक बरा. तो लग्नानंतर बदलत नाही, स्पेलिंगनं बिघडत नाही. दोन्ही याद्या आम्ही त्याच क्रमांकावर जोडल्या.

(दृश्य : सोमवार सकाळ. टेबलावर तर्री पोह्याची प्लेट. फोन वाजतो.)

“भाऊ, माझा मेल वापस येऊन राह्यला. शुक्रवारपर्यंत तर जात होता ना!”

“कोणाला पाठवला, मॅडम?”

“आपल्याच प्राचार्य सरांना. तेच नाव आलं खाली, तेच निवडलं.”

मी जाऊन स्क्रीन बघितला. परत आलेल्या मेलमध्ये प्राचार्यांचा ओळखीचा पत्ता नव्हताच. ‘आयएमसीईएईएक्स’पासून सुरू होणारी एक लांबलचक ओळ होती, मध्ये ‘ओयू’, ‘सीएन’, ‘रेसिपिएंट्स’ असे तुकडे.

गोष्ट अशी, की एकाच संस्थेच्या आत आउटलुक, म्हणजे संगणकावरचा मेलचा प्रोग्राम, आपण वाचतो तो पत्ता वापरत नाही. प्रत्येक मेलबॉक्सला आतला एक पत्ता असतो, तो वापरतं. नाव टाइप करताना खाली जी सूचना येते, तिच्या पोटात तोच असतो. जुन्या मेलला उत्तर दिलं तरी तोच जातो. नव्या सर्व्हरवर प्राचार्यांचा मेलबॉक्स नवा, त्याचा आतला पत्ताही नवा. मॅडमच्या संगणकाला मात्र जुनाच पाठ.

खालची सूचना पुसून नाव पुन्हा निवडा, असं प्रत्येकाला सांगता येतं. पण जुन्या मेलवरची उत्तरं त्यानं सुटत नाहीत. खरा उपाय सर्व्हरवरच आहे. जुना आतला पत्ता जसाच्या तसा, एकही अक्षर न बदलता, नव्या मेलबॉक्सला ‘एक्स 500’ प्रकारचा जादा पत्ता म्हणून लावायचा. प्राचार्यांना तो लावला, मॅडमना म्हटलं, पुन्हा पाठवा.

“गेला बरं का, भाऊ.”

मग सगळ्यांनाच लावला. हे काम स्थलांतराच्या आधी करायचं असतं. आज कुणी विचारलं, तर मी पहिल्यांदा हेच सांगतो.

आणि एक. नवं नाव यादीत घातलं की लगेच सगळ्यांना दिसत नाही. आउटलुक यादीची प्रत आपल्याकडे ठेवतं आणि साधारण चोवीस तासांतून एकदा ताजी करतं. हे आधी सांगून ठेवलं, की निम्मे फोन वाचतात.

(दृश्य : स्क्रीनवर फोल्डरांची उतरंड.)

आता सामायिक फोल्डर, म्हणजे पब्लिक फोल्डर. परिपत्रकं, सुट्ट्यांच्या याद्या, परीक्षांची वेळापत्रकं, बारा-तेरा वर्षांची. कुणी काय वाचावं, कुणी काय लिहावं, याच्या परवानग्या माणसांच्या नावानं दिलेल्या असतात. यादी आधी नीट बसलेली नसेल तर परवानगी कुणाची, हे नव्या सर्व्हरला ओळखू येत नाही. म्हणून नावं आधी, फोल्डर शेवटी. दुसरं कारणही आहे : 2010 पर्यंत या फोल्डरांच्या प्रती अनेक सर्व्हरवर ठेवता येत, 2013 पासून ते खास मेलबॉक्समध्ये राहायला गेले. नव्या पिढीचे फोल्डर जुन्या पिढीच्या मेलबॉक्सला उघडत नाहीत. सगळी माणसं हलेपर्यंत थांबावंच लागतं, आणि शेवटच्या टप्प्यात फोल्डरांना काही काळ कुलूप. आम्ही शनिवारची रात्र धरली.

त्याआधी नावं तपासली. फोल्डरच्या नावात तिरकी रेघ असेल तर हलवताना तो भलत्याच जागी पडण्याचा धोका असतो. आणि लेखा विभागात तिरक्या रेघांना तोटा नव्हता. ‘2011/12’, ‘2012/13’, आणि सगळ्यात वर ‘जमा/खर्च’. एकेक उघडून रेघेच्या जागी आडवी खूण केली. रविवारी पहाटे दोन्हीकडच्या नगांची मोजणी जुळेपर्यंत मी खोलीतून हललो नाही.

(दृश्य : लेखा विभाग. कूलरसमोर हेडक्लार्क मॅडम, चष्मा कपाळावर.)

सोमवारी त्यांनी फोल्डर उघडला, हवं ते परिपत्रक शोधलं, सापडलं. मग वर बघितलं.

“हे ‘जमा-खर्च’ काहून केलं? आपलं तिरकं होतं ना.”

मी कारण सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, टेबलावरचं रजिस्टर ओढलं, पुठ्ठ्यावरच्या ‘जमा/खर्च’मधली तिरकी रेघ खोडली आणि तिथे आडवी काढली.