दोन नंबरचा सिलिंडर

(दृश्य : बोनेटवर टेकलेला हात. इंजिन चालू.)

हा हात बघा. गाडी जागेवर उभी आहे, इंजिन स्लोमध्ये चालू आहे, आणि हात मध्येच हलतोय. आता नुसतं ऐका. तीन ठोके आणि एक खड्डा. तीन ठोके, पुन्हा खड्डा. गॅरेजच्या भाषेत सांगायचं तर गाडी मिसिंग करतेय.

चार सिलिंडरचं पेट्रोल इंजिन स्लोमध्ये मिनिटाला साधारण ८०० फेरे घेतं. दर दोन फेऱ्यांत प्रत्येक सिलिंडर एकदा पेट घेतो. म्हणजे चौघांत मिळून मिनिटाला १,६०० ठोके पडायला हवेत. इथे पडतात १,२००. उरलेल्या ४०० वेळा पिस्टन वर जातो, हवा-पेट्रोल दाबतो आणि तसाच खाली येतो. तिघे मिळून चौथ्याला ओढतात. हाताला जाणवतो तो हादरा त्या ओढण्याचा.

(दृश्य : डॅशबोर्डवर लुकलुकणारा पिवळा दिवा.)

इंजिनचा दिवा स्थिर पेटलेला असतो तेव्हा ‘दाखवून घ्या’ म्हणतो. तो असा उघडझाप करत असेल, तर न जळलेलं पेट्रोल कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये, म्हणजे सायलेन्सरच्या वाटेवर धूर स्वच्छ करणाऱ्या डब्यात, जाऊन पेटतंय आणि त्याची आतली जाळी वितळू शकते. गाडी पळवू नका.

(दृश्य : स्कॅनरचा पडदा.)

स्कॅनर लावला, म्हणजे गाडीच्या कॉम्प्युटरने नोंदवलेले बिघाडाचे कोड वाचणारं यंत्र. कोड आला पी०३०२. शेवटचा आकडा सिलिंडरचा. पी०३०१ म्हणजे एक नंबर, पी०३०४ म्हणजे चार नंबर. आपला दोन नंबर.

पण गाडीच्या कॉम्प्युटरला हे कळलं कसं? त्याने ठिणगी पाहिलेली नाही, पेट्रोलही नाही. क्रँकवर, म्हणजे पिस्टन फिरवतात त्या दांड्यावर, दात असलेलं एक चाक असतं, बऱ्याच गाड्यांत ५८ दात आणि दोन दातांची मोकळी जागा. शेजारचा सेन्सर एकेक दात मोजतो. ८०० फेऱ्यांच्या वेगाला दोन दातांमधलं अंतर सव्वा मिलिसेकंदाचं. ज्या सिलिंडरच्या पाळीत चाक किंचित मंदावतं, त्याचं नाव कोडमध्ये येतं. कॉम्प्युटरला फक्त वेग कळला, कारण कळलेलं नाही.

आणि नेमकं इथेच सुटे भाग बदलायला सुरुवात होते. आधी ठिणगी पाडणारा प्लग, मग त्याला वीज देणारी कॉइल, मग पेट्रोल सोडणारा इंजेक्टर. कधी ऑक्सिजन सेन्सरसुद्धा निघतो, त्याची काही चूक नसताना. सिलिंडर पेटला नाही की त्यातला ऑक्सिजन न वापरता सायलेन्सरकडे जातो. सेन्सर खरं तेच सांगतो, ऑक्सिजन जास्त आहे. कॉम्प्युटर त्याचा अर्थ पेट्रोल कमी पडतंय असा लावतो आणि आणखी पेट्रोल सोडतो. खरं सांगणाऱ्या सेन्सरलाच काढून टाकतात हे बघून फार वाईट वाटतं.

(दृश्य : कॉइल काढणारे हात.)

मदतीला असलेला मुलगा विचारतो, “मिस्त्री, नवीन कॉइल मागवू का?”

“आधी जागा बदल. दोनची तीनला लाव, तीनची दोनला.”

एवढंच. या कामाला एक पाना आणि पाच मिनिटं लागतात. कोड पुसला, इंजिन सुरू केलं. आता पडद्याकडे बघा. चार सिलिंडरचे चार खाने आहेत आणि प्रत्येक खान्यात चुकलेले ठोके मोजले जातात. दोन नंबरचा खाना शून्यावर थांबलाय. तीन नंबरचा चढतोय. ११, १९, ३४. बिघाड कॉइलबरोबर चालत गेला.

तो तिथेच राहिला असता, तर पुढची अदलाबदल प्लगची आणि त्यानंतर इंजेक्टरची. मिस्त्रींनी लांब स्क्रू ड्रायव्हरचं टोक इंजेक्टरवर टेकवलंय आणि मूठ कानाला लावलीय. आत एकसारखी टिकटिक ऐकू येते. टिकटिक आहे म्हणजे इंजेक्टर उघडतोय. पेट्रोल पुरेसं सोडतोय का, हे मात्र कानाला कळत नाही.

मग कॉइल बदलून मोकळं व्हायचं? मिस्त्री टॉर्च घेतात.

(दृश्य : प्लगच्या खोल विहिरीत पडलेला उजेड. जवळून.)

तळाशी काहीतरी चमकतंय. ऑइल. जिथे कोरडं ठणठणीत असायला हवं, तिथे प्लग ऑइलमध्ये उभा आहे. तो बाहेर काढून पुसला. जळणाऱ्या टोकाचा रंग फिकट तपकिरी आहे, म्हणजे आतलं जळणं ठीक होतं. काजळी धरलेलं काळं टोक असतं तर पेट्रोल जास्त होतंय असं म्हटलं असतं, पांढरं भाजलेलं असतं तर टोक फार तापतंय असं. इथे बघायचंय ते वर, पांढऱ्या चिनी मातीवर. शिसपेन्सिलीने ओढावी तशी एक बारीक काळी रेघ वरून खाली आलीय. कॉइलच्या रबरी टोपीची आतली बाजू उलटवली, तर तिथेही तशीच रेघ.

ही विजेने पाडलेली पायवाट आहे. कॉइल २०,००० व्होल्टच्या वर जाऊ शकते. त्या दाबाला प्लगच्या टोकाशी जेमतेम एक मिलिमीटरची फट ओलांडायची असते, तीही दाबलेल्या हवेतून. चढावर, पूर्ण ॲक्सिलरेटरवर हवा आणखी दाबली जाते आणि फट ओलांडणं आणखी जड जातं. मग वीज बाहेरची सोपी वाट धरते. एकदा धरली की तिथे कार्बन जमतो, आणि पुढच्या वेळी ती वाट आणखी सोपी होते. म्हणून अशी गाडी सुरुवातीला फक्त चढावर झटके मारते. मालकाला वाटतं, पिकअप कमी झालाय.

ऑइल आलं ते वरच्या कव्हरच्या आत, प्लगच्या नळीभोवती बसलेल्या रबरी सीलमधून. सील कडक झालंय. नखाने दाबलं तर तुकडा पडतो. नुसती कॉइल बदलली असती, तर नवी टोपी याच ऑइलमध्ये आणि याच रेघेच्या प्लगवर बसली असती.

(दृश्य : कॉम्प्रेशन गेजचा काटा.)

कव्हर उघडण्याआधी एक खात्री, चारही सिलिंडर हवा नीट दाबतायत ना. चारही प्लग बाहेर, पेट्रोल आणि ठिणगी बंद, ॲक्सिलरेटर पूर्ण दाबलेला. सेल्फ मारला की काटा उडी मारत वर चढतो. १७०, १६५, १७०, १६८ पीएसआय, म्हणजे दाबाचं माप. जवळजवळ सारखे. एखादा आकडा बराच खाली असता, तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजलं असतं. काटा वाढला तर पिस्टनभोवतीच्या रिंगा गेल्या, नाही वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेड गॅस्केट.

(दृश्य : शेजारची गाडी. बोनेटखालून पांढरा धूर.)

नवं सील बसेपर्यंत शेजारच्या गाडीकडे या. हिचा कोड पी०३००, कुठल्याच एका सिलिंडरवर बोट न ठेवणारा. सोबत पी०१७१, म्हणजे मिश्रणात पेट्रोल कमी. स्लोमध्ये थरथरते, २,५०० फेऱ्यांवर नेली की शहाण्यासारखी चालते. स्लोमध्ये कॉम्प्युटर २२ टक्के जादा पेट्रोल सोडतोय, वर गेल्यावर फक्त चार. मिस्त्रींना एवढं पुरलं. कुठूनतरी न मोजलेली हवा आत येतेय. स्लोमध्ये इंजिन हवाच थोडी घेतं, त्यामुळे तेवढीच गळती तिथे मोठी ठरते.

इंजिन बंद करून हवेच्या वाटेत धूर सोडला. थांबा. आणखी थोडं. तो बघा, एका बोटभर जाडीच्या रबरी पाइपाच्या खालच्या अंगाने धाग्यासारखा वर येतोय. वरून पाइप नवाकोरा दिसतो. उलटा वाकवला तेव्हा चीर उघडली.

(दृश्य : पहिली गाडी, रस्त्यावर. मांडीवर स्कॅनर.)

नवं सील, पुसून कोरडी केलेली विहीर, नवा प्लग, नवी कॉइल. जुनी तीन नंबरची कॉइल आपल्या जागी परत. कोड पुसलाय. मिस्त्री चढाकडे वळतात, दुसऱ्या गिअरवरून तिसऱ्यावर घेतात आणि ॲक्सिलरेटर खाली दाबतात. मुलाची नजर पडद्यावरून हलत नाही.

चार खाने. शून्य, शून्य, शून्य, शून्य.

चढ अजून संपलेला नाही.